भाष्य कोणाचे? : मनोहर श्याम जोशी यांचा विनोद – साप्ताहिक, दूरदर्शन आणि कादंबरी

१

विनोदी लेखकाच्या कर्तृत्वाचा आढावा घेताना समीक्षा सहसा दोन गृहीतके बाळगते. विनोद हा लेखकाच्या वृत्तीचा भाग असल्यामुळे माध्यम बदलले तरी तो तसाच राहतो, हे पहिले. साप्ताहिकांतील सदरे, नभोवाणीवरील श्रुतिका किंवा दूरदर्शन मालिका हे चरितार्थाचे लेखन, आणि ग्रंथरूपाने आलेली कादंबरी तेवढी वाङ्मय, हे दुसरे. वृत्ती जर सर्वत्र एकच असेल, तर दर्जाची ही उतरंड कशाच्या आधारे लावायची, हा प्रश्न मात्र सोयीस्करपणे बाजूला ठेवला जातो. हिंदीतील लेखक मनोहर श्याम जोशी (१९३३–२००६) यांच्या बाबतीत तो बाजूला ठेवता येत नाही. 'साप्ताहिक हिंदुस्तान'चे संपादक व सदरलेखक, 'हम लोग' आणि 'बुनियाद' ह्या मालिकांचे लेखक, आणि 'कुरु कुरु स्वाहा', 'कसप', 'क्याप' यांसारख्या कादंबऱ्यांचे कर्ते अशा तीन नात्यांनी ते तीन वेगवेगळ्या समुदायांना परिचित होते, आणि ह्या समुदायांची आपसांत गाठभेट क्वचितच झाली. अभ्यासाचीही तशीच वाटणी झाली. कादंबऱ्या उत्तर-आधुनिकतेच्या चर्चेत गेल्या, 'हम लोग' संज्ञापनशास्त्रज्ञांच्या ताब्यात गेली, आणि सदरलेखन कोणाच्याच वाट्याला धडपणे आले नाही.

ही वाटणी मोडून पाहिली तर जोशींच्या लेखनात एक प्रश्न सतत वावरताना दिसतो. विनोद कोणाच्या तोंडून येतो, आणि त्या तोंडावर भाष्य करण्याचा अधिकार कोणाकडे राहतो? साप्ताहिकाने ह्या प्रश्नाला एक उत्तर दिले, कादंबरीने दुसरे, आणि शासकीय दूरदर्शनने तिसरेच. जोशींच्या वृत्तीत झालेला बदल शोधण्यापेक्षा ह्या तीन उत्तरांचा इतिहास पाहणे अधिक फलदायी ठरेल.

२

जोशींचा जन्म अजमेरचा, घराणे मूळ अल्मोड्याचे. कुमाऊंच्या डोंगराळ प्रदेशातून मैदानी शहरांत नोकरीधंद्यासाठी उतरलेल्या सुशिक्षित ब्राह्मण कुटुंबांपैकी ते एक होते. घरातली बोली कुमाऊनी, भोवतालची हिंदी निरनिराळ्या वळणांची, शिक्षणाची भाषा इंग्रजी. लखनौ विद्यापीठात त्यांनी विज्ञानाचे शिक्षण घेतले. त्याच शहरात अमृतलाल नागर यांच्या सहवासात लेखनाची दीक्षाही घेतली. नागर हे बोलींचे मोठे जाणकार. जुन्या लखनौच्या गल्ल्यांतील माणसे त्यांच्या कादंबऱ्यांत आपापल्या लकबींसह बोलतात. गुरूकडून शिष्याने सर्वांत आधी काय उचलले असेल, तर तो हा कान. आरंभी 'कूर्मांचली' ह्या टोपणनावाने लिहिलेल्या कविता जोशींच्या कीर्तीला फारशा कारणीभूत झाल्या नाहीत. मात्र आपल्या प्रदेशाचे नावच टोपणनाव म्हणून घेण्याची ती कृती पुढच्या लेखनाकडे पाहता अर्थपूर्ण वाटते.

यानंतर आकाशवाणी आणि मुंबईची फिल्म्स डिव्हिजन ह्या दोन शासकीय संस्थांत त्यांनी काम केले. त्यांचा उल्लेख चरित्रात एका ओळीत संपतो. वास्तविक तो तेथे संपू नये. फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवले जात, आणि त्यांत पडद्यावरच्या माणसांना सहसा बोलू दिले जात नसे. धरण बांधणारा मजूर, नांगर धरणारा शेतकरी, चरख्यावरची बाई ही सारी माणसे मुकी. त्यांच्या वतीने बोलत असे एक अदृश्य, धीरगंभीर, सर्वज्ञ आवाज. प्रेक्षागृहातला कंटाळलेला प्रेक्षक शेंगदाणे खात त्या आवाजाकडे दुर्लक्ष करी, ही गोष्ट वेगळी. दुसऱ्यांच्या चित्रांवर राज्यसंस्थेच्या वतीने भाष्य करणाऱ्या ह्या आवाजाची संहिता कशी तयार होते, हे जोशींनी कार्यालयात बसून पाहिले होते. त्यांच्या पुढील कादंबऱ्यांतील निवेदकाची घमेंड, त्याचे पांडित्य आणि त्याची होणारी फजिती यांची बीजे ह्या अनुभवात आहेत, असे मानायला जागा आहे.

३

१९६५ साली 'अज्ञेय' यांच्या संपादकत्वाखाली 'दिनमान' हे वृत्तसाप्ताहिक सुरू झाले आणि जोशी त्या संपादकवर्गात आले. 'दिनमान'ने हिंदी पत्रकारितेला संयत, नेमके, वृत्तान्तप्रधान गद्य दिले. 'अज्ञेय' आणि रघुवीर सहाय यांच्यासारख्या कवींच्या शेजारी बसून जोशींनी ह्या गद्याचा सराव केला. सदरात त्यांनी जे केले ते मात्र ह्या सरावाच्या नेमके उलट दिशेने जाणारे होते.

१९६७ मध्ये ते दिल्लीहून निघणाऱ्या 'साप्ताहिक हिंदुस्तान'चे संपादक झाले आणि पुढे दीर्घ काळ त्या पदावर राहिले. मुंबईत धर्मवीर भारतींचे 'धर्मयुग' आणि दिल्लीत 'साप्ताहिक हिंदुस्तान' ही त्या काळातील हिंदी मध्यमवर्गाची दोन कौटुंबिक साप्ताहिके. कथा, धारावाहिक कादंबरी, पाककृती, बालविभाग, राशिभविष्य आणि राजकारण हे सारे एकाच अंकात नांदत असे. अशा साप्ताहिकातील विनोदी सदराला काही बंधने असतात. ते घरातल्या सर्वांनी वाचायचे असते, दर आठवड्याला यायचे असते, आणि मालकांना फार अडचणीत आणायचे नसते. जोशींचे 'नेताजी कहिन' हे सदर ह्या चौकटीत बसून चौकट वाकवणारे आहे.

सदराचे शीर्षकच त्याचे तंत्र सांगते. 'कहिन' हे अवधी वळणाचे क्रियापद, अर्थ 'म्हणाले'. नेताजी म्हणाले आणि सदरकाराने ते लिहून घेतले, एवढीच रचना. दिल्लीच्या सत्तेच्या वर्तुळात वावरणारा, कामे करून देणारा, पूर्वेकडच्या बोलीत पानाचा तोबरा भरून बोलणारा एक राजकीय दलाल आपले तत्त्वज्ञान ऐकवतो आणि एक सुशिक्षित पत्रकार ते ऐकतो. निषेध नाही, हळहळ नाही. हरिशंकर परसाई यांच्याशी तुलना केली की ह्या रीतीचे वेगळेपण उठून दिसते. परसाईंच्या व्यंगलेखनात प्रमाण हिंदीत बोलणारा एक 'मी' आहे. त्याची नैतिक भूमिका स्पष्ट असते आणि उपरोधाचे टोक कोणाकडे वळले आहे, हे वाचकाला सांगावे लागत नाही. जोशींच्या सदरात नैतिक 'मी' जवळजवळ गप्प बसतो. बोलतो तो भ्रष्ट माणूस, आणि तो इतके रसाळ बोलतो की वाचकाला त्याचा राग येण्याऐवजी लोभ जडू लागतो. त्या लोभाची जाणीव झाली की वाचक थोडा ओशाळतो. सदराचा खरा उपरोध ह्या ओशाळण्यात आहे.

बोरिस आयखेनबाउम यांनी गोगोलच्या 'ओव्हरकोट'वरील १९१९ च्या निबंधात ज्याला 'स्काझ' म्हटले, त्याच्याशी ही रीत जुळते. कथानकापेक्षा बोलण्याची ढब, उच्चारांचे हेलकावे आणि शब्दांचे हावभाव हेच तेथे रचनेचे मुख्य द्रव्य असते. पण छापील सदरात एक आणखी घटक असतो, तो म्हणजे लेखन. बोली उच्चार देवनागरीत उतरवताना वापरलेल्या ऱ्हस्वदीर्घांच्या खोड्या, इंग्रजी शब्दांची मोडतोड, संस्कृत शब्दांचे अपभ्रंश यांवर वाचकाची नजर अडखळते. तो मनातल्या मनात शब्द उच्चारून पाहतो आणि मग हसतो. हा विनोद कानाचा असला तरी डोळ्यांच्या वाटेने येतो, आणि शिक्षित वाचकाच्या प्रमाणलेखनाच्या सवयीवर तो उभा असतो. बोलीभाषकाला हसण्याचा धोकाही येथे आहे. जोशी तो धोका टाळत नाहीत. त्यांचा बोलीभाषक मूर्ख नाही. समोरच्या प्रमाणभाषकापेक्षा तो अधिक चतुर आहे. फजिती होते ती टिपणे घेणाऱ्याची.

४

१९८० साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, जोशींची पहिली कादंबरी 'कुरु कुरु स्वाहा' प्रसिद्ध झाली. ती मुंबईत घडते. नायक माहितीपटांच्या व्यवसायातला, आणि त्याचे नाव मनोहर श्याम जोशी. हा एक माणूस कादंबरीत तिघांत वाटला गेला आहे. भाबडा, प्रेमोत्सुक मनोहर; विद्वत्तेचा आव आणणारे जोशीजी; आणि ह्या दोघांचे निवेदन करणारा लेखक. 'पहुंचेली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका गूढ स्त्रीच्या मागे हे तिघे ओढले जातात, आणि तिघेही एकमेकांचे बोलणे खोटे पाडत राहतात. कादंबरीच्या प्रकारासाठी लेखकाने 'गप्प' आणि 'बायस्कोप' हे दोन शब्द वापरले, ही गोष्ट दृश्यमाध्यमातील पुढील कारकीर्दीचे भाकीत म्हणून सहज सांगितली जाते. 'बायस्कोप' ह्या शब्दावर सगळ्यांची नजर जाते. महत्त्वाचा शब्द 'गप्प' हा आहे. मराठीतील 'गप्पा'शी त्याचे नाते आहे, पण हिंदीत त्यात थापेबाजीची छटा अधिक गडद आहे. सांगणारा खरे सांगत नाही, ऐकणाऱ्याला ते माहीत आहे, तरीही सांगणे–ऐकणे चालू आहे, हा तो करार.

मराठी वाचकाला ह्या कादंबरीतील मुंबई ओळखीची आणि परकी अशी दोन्ही वाटेल. येथील बंबइया हिंदी, गुजराती व्यापाऱ्यांची हिंदी, उत्तरेकडून आलेल्यांची हिंदी, चित्रपटव्यवसायातली हिंदी यांची सरमिसळ लेखकाने मोठ्या मिजाशीने वापरली आहे. त्या मानाने ह्या शहरातील मराठी स्वर क्षीण आहे. उत्तर भारतीय लेखकाला मुंबईत जे ऐकू येते त्याची ही मर्यादा म्हणावी लागेल.

'कसप' (१९८२) ह्या दुसऱ्या कादंबरीचे शीर्षक कुमाऊनी आहे. अर्थ 'कोण जाणे'. नैनितालच्या एका लग्नघरात देवीदत्त तिवारी ऊर्फ डीडी हा चित्रपटव्यवसायात धडपडणारा, पोरका, बुजरा तरुण आणि शास्त्रीजींची खोडकर मुलगी बेबी यांची पहिली भेट होते. प्रेमकथेतील प्रथमदर्शनाला भारतीय साहित्यात केवढी परंपरा! जोशींनी हे दर्शन लग्नघराच्या तात्पुरत्या शौचकूपाशी, पायजम्याच्या नाडीला बसलेली निरगाठ सोडवण्याच्या अवस्थेत घडवले आहे. पण ह्या प्रसंगाला नुसते विडंबन म्हणता येत नाही. कादंबरीचा निवेदक मध्येच थांबून प्रेमाविषयी शास्त्रवचनासारखी विधाने करतो, कुमाऊनी शब्दांची फोड करून सांगतो, वाचकाच्या आक्षेपांना आधीच उत्तरे देतो. आणि जसजशी कथा पुढे सरकते तसतशी ही सर्व विधाने अपुरी पडत जातात. डीडी परदेशात नाव कमावतो, बेबी मैत्रेयी होऊन प्रतिष्ठित संसारात स्थिरावते, आणि भाष्यकारापाशी शीर्षकातला शब्द तेवढा उरतो. विनोदातून विषादाकडे जाणारी ही वाट हिंदी कादंबरीत दुर्मीळ आहे. जोशींची सर्वोत्तम कृती म्हणून हिचेच नाव घ्यावे लागेल.

येथवरचा हिशेब असा : सदरात भाष्यकार गप्प होता, कादंबरीत तो भरपूर बोलू लागला आणि बोलता बोलता उघडा पडला. दोन्ही ठिकाणी शेवटचा शब्द अधिकारवाणीने उच्चारणारा कोणी नव्हता.

५

दूरदर्शनवर तो होता, आणि त्याचे नाव अशोककुमार.

'हम लोग'ची जन्मकथा सर्वपरिचित आहे. माहिती व नभोवाणी खात्याचे तत्कालीन मंत्री वसंत साठे यांच्या मेक्सिको भेटीतून ह्या कल्पनेला चालना मिळाली. मिगेल साबिदो यांनी तेथे कुटुंबनियोजनासारख्या विषयांच्या प्रचारासाठी कौटुंबिक मालिकांचे एक तंत्र विकसित केले होते. अनुकरणीय पात्रे, अननुकरणीय पात्रे, आणि ह्या दोहोंमध्ये झुलणारी पात्रे अशी मांडणी करायची. प्रेक्षकाने तिसऱ्या गटाशी तादात्म्य पावावे आणि पहिल्या गटाकडे सरकावे, असे त्या तंत्राचे गणित. ७ जुलै १९८४ रोजी पहिला भाग प्रसारित झाला आणि १७ डिसेंबर १९८५ रोजी मालिका संपली. दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचे, लेखन जोशींचे. प्रायोजक झटपट शिजणाऱ्या शेवयांचे उत्पादक. शासकीय उपदेश आणि बाजारपेठ यांची ही सोयरीक भारतीय दूरचित्रवाणीला पुढे चांगलीच मानवली.

पहिले तेरा भाग जमले नाहीत. कुटुंबनियोजनाचा संदेश इतका उघड होता की प्रेक्षक कंटाळले, आणि त्यांनी पत्रांतून तसे कळवले. यानंतर प्रचाराची मात्रा उतरली व बसेसर राम, भागवंती, लल्लू, नन्हे, बडकी, मझली, छुटकी, दादा–दादी ह्या कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबातील माणसे आपल्या भाषेत बोलू लागली. सदरलेखकाचा कान येथे कामी आला. दादी एका तऱ्हेने बोलते, शहरात वाढलेली नातवंडे दुसऱ्या तऱ्हेने; एकाच छपराखाली हिंदीच्या तीन पिढ्या ऐकू येतात. माहितीपटातल्या मुक्या माणसांना राज्यसंस्थेच्याच पडद्यावर वाचा फुटली, असे त्याचे वर्णन करता येईल.

आणि तरीही प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार अवतरत. घडलेल्या प्रसंगांवर बोलत, प्रेक्षकांच्या पत्रांचा उल्लेख करत, काय योग्य व काय अयोग्य याची वडीलधाऱ्या स्वरात उजळणी करत, एखादे गमतीदार पद्य म्हणत, आणि निरनिराळ्या भारतीय भाषांत मालिकेचे नाव उच्चारून निरोप घेत. प्रेक्षकांनी त्यांच्यावर मनापासून प्रेम केले. रचनेच्या दृष्टीने मात्र येथे एक मोठा अदलाबदल झाला आहे. 'कसप'मधील निवेदक हेच करतो. थांबतो, समजावतो, सूत्रे सांगतो. पण तेथे कादंबरी त्याला हसते. मालिकेत भाष्यकार संहितेच्या बाहेर, पात्रांच्या आवाक्यापलीकडे उभा आहे. बसेसर राम त्याला उलट उत्तर देऊ शकत नाही. भाष्य जेथे विनोदाचे लक्ष्य होते, तेथे ते विनोदाचे वाहन झाले. फिल्म्स डिव्हिजनचा तो अदृश्य आवाज आता हसऱ्या चेहऱ्याने परतला होता.

ह्या व्यवस्थेतही लेखकाचा आणि शासनाचा हेतू प्रेक्षकांनी आपल्या पद्धतीने वळवून घेतला. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासात नोंदलेली एक गोष्ट वाङ्मयाभ्यासकांनीही दखल घ्यावी अशी आहे. भागवंती ही सोशिक, मुकाट माता अननुकरणीय पात्र म्हणून योजलेली होती. अनेक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. बडकीच्या लग्नाच्या वेळी प्रेक्षकांनी अभिनंदनाची पत्रे आणि तारा पाठवल्या. दूरदर्शनकडे आलेल्या पत्रांची संख्या चार लाखांच्या घरात होती. लेखकाने एक सांगावे, भाष्यकाराने दुसरे समजवावे आणि ऐकणाऱ्यांनी तिसरेच घेऊन घरी जावे, ह्या प्रकारात 'गप्प' ह्या वाङ्मयप्रकाराचा करार राष्ट्रीय पातळीवर राबवला गेला, असे म्हणण्याचा मोह होतो.

'बुनियाद' (१९८६–८७) फाळणीची कथा. पंजाबी वळणाची तिची हिंदी एका कुमाऊनी लेखकाने लिहिली, एवढा उल्लेख येथे पुरे. विनोदाच्या इतिहासाच्या दृष्टीने तिच्यापेक्षा 'कक्काजी कहिन' (१९८८) आणि 'मुंगेरीलाल के हसीन सपने' (१९८९–९०) ह्या दोन छोट्या मालिका अधिक बोधक आहेत.

'कक्काजी कहिन' हे 'नेताजी कहिन'चे माध्यमांतर. दिग्दर्शक बासू चटर्जी, मुख्य भूमिकेत ओम पुरी. पडद्यावर येताना नेताजींचे कक्काजी झाले. शासकीय माध्यमात 'नेता' ह्या शब्दाला जो वास येतो तो 'कक्का' ह्या घरगुती संबोधनाला येत नाही. हा नामबदल कोणाच्या आग्रहाने झाला, यापेक्षा त्याचा परिणाम महत्त्वाचा आहे. वर्गाचा प्रतिनिधी असलेला माणूस शेजारचा वल्ली झाला. दुसरा बदल अधिक मूलगामी होता. छापील सदरात वाचकाच्या नजरेला अडखळवणारे लेखन पडद्यावर नाहीसे झाले आणि तेथे ओम पुरींचा आवाज, चेहरा व पान खाण्याची ढब आली. अभिनय उत्तम होता, यात वाद नाही. पण 'कहिन' ह्या क्रियापदात जो ऐकणारा दडलेला होता, जो टिपून घेत होता आणि टिपता टिपता सामील होत होता, त्याची जागा कॅमेऱ्याने घेतली. आणि कॅमेरा ओशाळत नाही.

हाच प्रश्न मराठी अभ्यासकाला चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाच्या निमित्ताने पडायला हवा होता. चिमणराव स्वतःच स्वतःची कथा सांगतो, आणि आपण किती हास्यास्पद ठरत आहोत याची त्याला असलेली अर्धवट जाण हा त्या कथांचा प्राण आहे. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी साकारलेला चिमणराव महाराष्ट्राने डोक्यावर घेतला, तो योग्यच. परंतु निवेदक चिमणराव तेथे पात्र चिमणराव झाला होता. चिं. वि. जोशी १९६३ मध्येच निवर्तले असल्यामुळे हे माध्यमांतर इतरांनी केले. मनोहर श्याम जोशींनी आपले माध्यमांतर स्वतः केले, आणि म्हणूनच निवेदकाच्या ह्या हानीवर त्यांनी पुढे काय उपाय शोधला हे पाहता येते.

'मुंगेरीलाल' हा असा एक उपाय. प्रकाश झा दिग्दर्शित ह्या मालिकेत रघुवीर यादव यांचा किरकोळ कारकून दिवास्वप्ने पाहतो आणि ज्यांनी त्याला जागेपणी दाबले तीच माणसे स्वप्नात त्याच्यापुढे नमतात. जेम्स थर्बरच्या 'न्यूयॉर्कर'मधील १९३९ सालच्या वॉल्टर मिट्टीशी तिची तुलना नेहमी केली जाते. ती ठीक आहे, पण दोहोंचे तंत्र सारखे नाही. थर्बरच्या गद्यात जागेपण आणि स्वप्न एकाच परिच्छेदात, जवळजवळ एकाच श्वासात, मिसळतात; मालिकेत ती दृश्ये वेषभूषेने आणि तुकड्याने वेगळी होतात. मात्र जोशींना येथे एक गोष्ट साधली. स्वप्नाचा निवेदक स्वतः मुंगेरीलाल असतो. त्याच्या डोक्यात शिरून निकाल देणारा वडीलधारा कोणी नसतो. पात्राला भाष्याचा हक्क, निदान झोपेपुरता, परत मिळाला.

ह्याच काळात शरद जोशींसारखा दुसरा हिंदी व्यंगलेखकही 'ये जो है जिंदगी'मधून दूरदर्शनवर आला होता. साप्ताहिकांच्या उतरत्या काळात विनोदी लेखकांचे दूरदर्शनकडे जाणे हे व्यक्तिगत निर्णयापेक्षा मोठे स्थलांतर होते. 'साप्ताहिक हिंदुस्तान' १९९२ मध्ये बंद पडले. 'धर्मयुग'ही त्याच दशकात मिटले. सदर लिहायला परतावे, तर ज्या घरात परतायचे ते घरच उरले नव्हते.

६

जोशी परतले ते कादंबरीकडे. 'कसप'नंतरच्या दीर्घ खंडानंतर नव्वदच्या दशकात 'हरिया हरक्युलीज की हैरानी', 'ट-टा प्रोफेसर', 'हमजाद' ह्या कादंबऱ्या आल्या आणि पुढे 'क्याप'. हा खंड म्हणजे वाया गेलेली वर्षे, असे मानणारा एक मतप्रवाह आहे. कादंबऱ्यांची रचना पाहता तो टिकत नाही.

'हरिया हरक्युलीज'मध्ये दिल्लीतील कुमाऊनी बिरादरी हीच निवेदक आहे. सरकारी वसाहतीत आजारी म्हाताऱ्या वडिलांची, त्यांच्या मलमूत्रासकट, निमूटपणे सेवा करणारा हरिया एके दिवशी हैराण होतो, आणि त्याच्या हैराणीची कथा घराघरांत निरनिराळ्या प्रकारे सांगितली जाते. प्रत्येक जण मागच्याच्या कथेत भर घालतो, दुरुस्ती करतो, शंका काढतो. कोणती कथा खरी, हे ठरवणारा कोणी नाही. 'कुरु कुरु स्वाहा'त निवेदक तिघांत विभागला होता, येथे तो शेकड्यांत विभागला आहे. एखाद्या कुटुंबाच्या बऱ्यावाईटाचा निवाडा करायला लाखो घरे कशी सरसावतात, बडकीने काय करावे आणि भागवंतीने काय करू नये याविषयी अनोळखी माणसे किती हक्काने मत देतात, हे जोशींनी सुमारे दीड वर्ष पाहिले होते. मालिकेतून त्यांनी कादंबरीत आणले ते चित्रतंत्र नव्हे, तर बोलका श्रोतृसमुदाय. १९८२ च्या आधीच्या लेखनात हा समुदाय पार्श्वभूमीला होता; आता तो कथेचा मालक झाला. अशोककुमारांची खुर्ची बिरादरीने बळकावली, आणि बिरादरीचे एकमत कधीच होत नाही.

'ट-टा प्रोफेसर' आकाराने लहान आणि अधिक कडू आहे. डोंगराळ खेड्यातला, इंग्रजीच्या नादाने झपाटलेला एक शाळामास्तर हा तिचा नायक. तरुण निवेदक त्याच्याकडे कथेचा विषय म्हणून पाहतो, आणि दुसऱ्याच्या दुःखाची विनोदी कथा करण्याचा आपल्याला काय अधिकार, हा प्रश्न त्याला अखेर गाठतो. 'नेताजी कहिन'मधला टिपणे घेणारा मुका पत्रकार येथे पुन्हा भेटतो, पण ह्या वेळी टिपणवहीसह आरोपीच्या पिंजऱ्यात. ह्या कादंबरीचे इरा पांडे यांनी केलेले इंग्रजी भाषांतर लेखकाच्या मृत्यूनंतर गाजले. बोलींच्या विनोदाचे किती अंश इंग्रजीत पोचले हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. इंग्रजीच्या नादावरची कादंबरी इंग्रजीत जाताना तिचा विनोद आपोआप दिशा बदलतो, एवढे मात्र खरे.

'हमजाद'मध्ये हास्य जवळजवळ विझले आहे. चित्रपटव्यवसायाच्या अंधाऱ्या बाजूची ती कथा वाचकाला दमवते, आणि तिच्यातील बीभत्साचा साठा रचनेला पेलत नाही.

'क्याप'मध्ये जोशी पुन्हा गप्पेकडे वळले. कुमाऊनीत 'फसक' म्हणजे गप्प, थाप. 'फस्कियाधार' ह्या कल्पित डोंगरी प्रदेशाचे नाव त्याच शब्दावरून आले आहे. अस्पृश्य मानलेल्या जातीतील एक बुद्धिमान मुलगा, त्याचे ब्राह्मण मुलीवरचे प्रेम, मार्क्सवादाची दीक्षा, क्रांतीची स्वप्ने आणि त्यांची परवड ही सारी कथा स्वतः तो नायक फसक म्हणून सांगतो. इतिहासाने ज्याला बोलू दिले नाही तो बोलतो आहे, आणि तो स्वतःच बजावतो आहे की हे सगळे खरे मानू नका. येथे वाचक अडचणीत सापडतो. दलित जीवनाच्या वेदनेची नोंद मराठी आत्मकथनांनी साक्षीच्या स्वरूपात केली. साक्षीचे बळ तिच्या खरेपणात असते. तीच वेदना थापेच्या रूपात, तीही एका ब्राह्मण लेखकाने, सांगणे हे त्या वेदनेला हलके करणे आहे की साक्ष मागण्याचा इतरांचा अधिकारच नाकारणे आहे? कादंबरी दोन्ही वाचने शक्य ठेवते. पहिल्या वाचनाचे समर्थन करणारी स्थळेही तिच्यात आहेत, विशेषतः जेथे निवेदकाच्या तोंडी लेखकाचेच पांडित्य शिरते आणि बोली मागे सरते. ह्या स्थळी 'नेताजी कहिन'च्या लेखकाचा कान चुकला, असे म्हटले पाहिजे.

ह्या कादंबरीला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, ३० मार्च २००६ रोजी, जोशींचे दिल्लीत निधन झाले. देशातील सर्वोच्च वाङ्मयीन संस्थेने गौरवलेल्या ह्या कृतीचे शीर्षक हिंदीभाषक वाचकांनाही उलगडून सांगावे लागते. 'क्याप' म्हणजे कुमाऊनीत 'काहीतरीच!'